ओडील फॉन्तनो मोंटानाची झाली त्याची गोष्ट

ओडील फॉन्तनो मोंटानातल्या आमच्या लोन स्प्रूस गावात पहिल्यांदा आली ती चर्चच्या सहलीबरोबर. दूर दक्षिणेकडच्या लुईझियाना राज्यात, दलदलीतल्या कुठल्याशा गावची मंडळी, डोंगर बघायला निघालेली. त्यांची बस जेवणासाठी माझ्या हॉटेलसमोर थांबली. बाकीच्यांनी सूप प्यायलं, कॉफी प्यायली, एकमेकांचे फोटो काढले. ही बाई मात्र मागच्या ओढ्यात उतरली आणि दगड उचलून उचलून बघत बसली. मला वाटलं, हिची अंगठी पडली असणार.

"काही शोधताय का?" मी वरून विचारलं.

"हे सगळे असेच पडलेत? फुकट?" तिने हातातला हिरवट दगड वर धरला. "आमच्याकडे जमिनीत दगडच नाही हो. खणाल तितका चिखल. वडिलांनी अंगणात घालायला थोडे आणले होते, तेही दुसऱ्या राज्यातून ट्रकने."

बस निघाली तेव्हा तिच्या दोन्ही खिशांत दगड होते आणि कोट एका बाजूला झुकला होता.

पुढच्या मे महिन्यात ती परत आली. या वेळी स्वतःच्या गाडीने, एकटी. दोन बॅगा, सहा कोंबड्या आणि केस कापायची एक लाल खुर्ची एवढं सामान. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि साठी जवळ आली होती. "आता पायाखाली काहीतरी घट्ट हवं," असं तिने मला सांगितलं. गावाबाहेरचं पीटरसनांचं रिकामं घर तिने महिन्याच्या बोलीवर भाड्याने घेतलं, आणि लाल खुर्ची माझ्या हॉटेलच्या मागच्या खोलीत टाकून सगळ्या गावाचे केस कापायला सुरुवात केली.

केस ती उत्तम कापायची आणि बोलायची त्याहून उत्तम. सगळ्यांना "शा" म्हणायची. त्यांच्याकडे ते लाडाने म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. आमचे गुराखी, ज्यांना त्यांच्या आयांनीही कधी बाळा म्हटलं नसेल, ते खुर्चीत बसून लाजायचे. मला ती "मिस लोर्ना" म्हणायची. मी म्हटलं, नुसतं लोर्ना म्हण. तर म्हणाली, "तसं केलं तर माझी आई थडग्यातून उठून येईल."

तिच्या शेजारी राहायचा हॅल्वर स्वेनगार्ड. सत्तरी ओलांडलेला, लग्न न केलेला, गुरं पाळणारा. बोलणं मोजकं, आणि जे बोलेल ते कडू. तरी त्या दोघांचं बऱ्यापैकी जमलं होतं. कुंपणाशी उभे राहून रोज काहीतरी वाद घालायचे. बर्फ कधी पडेल, कॉफी किती कडक असावी, कोंबडीला नाव ठेवावं का. ओडीलने सगळ्या कोंबड्यांना आपल्या मावश्यांची नावं दिली होती.

जानेवारीत तिच्या लुईझियानातल्या बहिणीचा, वर्लीनचा, फोन आला. वर्लीन जिन्यावरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओडील गाडीत बॅगा टाकून निघाली. जाताना हॅल्वरच्या दारात थांबली. मी तिला डबा द्यायला गेले होते म्हणून मला ते बोलणं ऐकायला मिळालं.

"मिस्टर हॅल्वर, माझ्या कोंबड्या तुमच्या गोठ्यात राहतील. त्यांना कोमट पाणी लागतं."

"थंड पाण्याने मरत नाहीत कोंबड्या."

"तुम्ही मरत नाही. त्या नाजूक आहेत."

"मी हो म्हटलेलं नाही अजून."

"पिंजरा तुमच्या ओसरीवर ठेवलाय," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

दोन महिने ती तिकडेच अडकली. वर्लीन काठी घेऊन चालायला लागली तशी ओडील मार्चच्या सुरुवातीला परत आली, आणि गाडीतून उतरून थेट हॅल्वरच्या गोठ्यात गेली. तिथे पाचच कोंबड्या होत्या. सहावी, तिची सगळ्यात लाडकी क्लोतील, कोल्ह्याने नेली होती.

"दार उघडं ठेवलंत तुम्ही!"

"दार लावलेलं होतं. तीच बाहेर पडली. मालकिणीसारखी हट्टी."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. कुंपणाच्या अलीकडे ती, पलीकडे तो, आणि मध्ये नुसता वारा. गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं, कारण त्यांचे वाद आम्ही सगळे चवीने ऐकायचो.

त्याच वसंतात ओडीलच्या डोक्यात विद्यापीठ शिरलं. एका प्राध्यापिकेचे केस कापताना तिने खिडकीत मांडून ठेवलेले आपले दगड दाखवले. प्राध्यापिका अर्धवट कापलेल्या केसांनी उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही भूगर्भशास्त्र शिकायला पाहिजे." ओडीलला कुणीतरी म्हणायचीच खोटी होती. तिने अर्ज केला, निबंध लिहिला, आणि जूनमध्ये प्रवेश मिळाल्याचं कळलं. त्या दिवशी तिने गावभर फुकट केस कापले. ज्यांना नको होते त्यांचेही.

मग फीचं पत्र आलं. मागच्या खोलीत ती पोस्टमन ड्वेनचे केस कापत होती. पत्र त्यानेच आणलेलं, तेव्हा तो म्हणाला, वाच की. तिने एका हाताने पत्र फोडलं आणि वाचता वाचता दुसऱ्या हातातली कात्री चालूच राहिली. ड्वेनच्या कानामागे पुढे महिनाभर एक गोल टक्कल होतं.

विद्यापीठाने तिला परराज्यातली विद्यार्थिनी धरलं होतं. म्हणजे फी जवळजवळ तिप्पट. आमच्याकडे नियम असा, की राज्यात सलग वर्षभर राहायचं, आणि तेही इथेच कायमचं राहायच्या इराद्याने. मग तुम्ही राज्याचे. ओडीलकडे इथला गाडीचा परवाना होता, मतदार म्हणून नाव होतं, कर इथे भरला होता. पण हिवाळ्याचे दोन महिने ती लुईझियानात होती. तेव्हा तिचा मुक्काम तुटला आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, असं त्यांचं म्हणणं. मान्य नसेल तर समितीपुढे येऊन बाजू मांडा.

"बाहेरची," ती लाल खुर्चीत बसली. त्या खुर्चीत तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मिस लोर्ना, मी बाहेरची दिसते का?"

"बोलायला लागलीस की थोडीशी," मी म्हटलं. ती हसली, पण हसू टिकलं नाही.

"तिप्पट मला झेपणार नाही. जाऊ दे. दगड काय, फीवाचूनही बघता येतात."

"सुनावणीला जायचं," मी म्हणाले. "मी येते. आणि हॅल्वरला घेऊन जाऊ. तू कोंबड्या ठेवून गेली होतीस, परत येणारच होतीस, हे त्याच्याएवढं कुणाला माहीत आहे?"

तिने मान ताठ केली. "क्लोतीलच्या मारेकऱ्याकडे मी मदत मागणार नाही."

मी मात्र मागायला गेले. हॅल्वर गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्राखाली उताणा झोपला होता. मी त्याच्या बुटांशीच बोलले.

"हॅल्वर, गुरुवारी ओडीलची सुनावणी आहे."

"काय केलं तिने?"

"काही केलं नाही. ती मोंटानाची आहे की नाही ते ठरवणार आहेत."

"नाहीच आहे. जुलैत स्वेटर घालते."

"तुम्ही फक्त कोंबड्यांचं सांगा. एवढंच."

"तिने पाठवलं तुला?"

"नाही. तिला कळलं तर केसांबरोबर माझी मानही कापेल."

यंत्राखालून पाना फिरल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "जिला माझ्याशी बोलायचं नाही, तिच्यासाठी बोलायला मी डोंगर ओलांडून जाऊ? गवत कापायचे दिवस आहेत. जा तू."

मी आले. अपेक्षा सोडली.

गुरुवारी आम्ही दोघी माझ्या गाडीने निघालो. ओडीलने फुलाफुलांचा झगा घातला होता आणि वर, जुलै असूनही, स्वेटर. वाटभर ती रस्त्याकडेच्या कड्यांमधले थर दाखवत होती. हा लाल, हा करडा, हा समुद्राच्या तळाचा. बोलत राहिली की भीती कमी होते असा तिचा स्वभाव.

विद्यापीठातली सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागे समितीच्या प्रमुख मिसेस टॅलबट, साखळीला अडकवलेला चष्मा घातलेल्या, आणि त्यांच्या शेजारी गणित शिकवणारा एक तरुण प्राध्यापक, लिंडक्विस्ट नावाचा. दोघंही सौजन्याने वागत होते. सौजन्यानेच प्रश्न विचारत होते.

"मिसेस फॉन्तनो, तुम्ही मोंटानात कशासाठी आलात?"

"दगडांसाठी."

मी डोळे मिटले. जो शिकायला म्हणून राज्यात येतो तो रहिवासी धरत नाहीत, हे मी तिला वाटेत दोनदा बजावलं होतं.

"म्हणजे भूगर्भशास्त्र शिकायला?"

"नाही हो. आधी दगडांसाठी आले. शिकायचं नंतर सुचलं. म्हणजे सुचवलं. केस कापताना."

लिंडक्विस्टने तोंडावर हात धरला. मिसेस टॅलबटनी कागद उलटला.

"घर तुमच्या मालकीचं?"

"भाड्याचं. महिन्याच्या बोलीवर."

"हिवाळ्यात गेलात तेव्हा सामान घरीच होतं?"

"बॅगा बरोबर होत्या."

"दोन्ही?"

"दोनच आहेत."

खरं बोलणाऱ्या माणसाची अशी पंचाईत मी पाहिली नव्हती. प्रत्येक उत्तराबरोबर ती थोडी थोडी लुईझियानाकडे सरकत होती.

"आमचा तुमच्यावर अविश्वास नाही," मिसेस टॅलबट म्हणाल्या. "पण हिवाळा आला की दक्षिणेला जाणारे लोक इथे पुष्कळ आहेत. तुम्ही परतच येणार होतात, हे कशावरून समजायचं?"

"मी सांगते की!" मी हात वर केला.

"तुम्ही त्यांच्या मैत्रीण आहात ना?"

"हो."

"मग तुम्ही चांगलंच सांगणार," त्या हसून म्हणाल्या, आणि त्यात चूक काही नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात हॅल्वर. अंगावर तो काळा सूट जो आम्ही फक्त अंत्यविधीला पाहतो, केस पाण्याने चापून बसवलेले, बुटांना गवत चिकटलेलं.

"त्या बाईचा निकाल इथेच लावताय का?"

"आपण कोण?" मिसेस टॅलबटनी विचारलं.

"शेजारी. मला तक्रार करायची आहे."

ओडीलने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत दोन बोटं खचले. मिसेस टॅलबटनी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"ही बाई जानेवारीत न विचारता माझ्या गळ्यात सहा कोंबड्या मारून गेली. कोमट पाणी द्या म्हणे! मी सत्तरी ओलांडलेला माणूस, स्वतः गार पाण्याने तोंड धुतो, आणि कोंबड्यांसाठी किटली चढवायचो. वर रोज संध्याकाळी जेवायला बसलो की हिचा फोन. खाल्लं का, अंडी दिली का, कोण रुसलंय का. आणि प्रत्येक वाक्याला 'मी आले की.' मी आले की पिंजरा बदलू. मी आले की खिडकी दुरुस्त करू. मला तर वाटायला लागलं, ही गेलीच कुठे आहे?"

"म्हणजे त्या परत येणार याची तुम्हाला खात्री होती?"

"खात्री नसती तर पहिल्याच आठवड्यात त्या कोंबड्या पातेल्यात गेल्या असत्या."

"एक गेलीच ना!" ओडील ताडकन उठली. "क्लोतीलचं काय?"

"ती पातेल्यात नाही गेली, कोल्ह्याच्या पोटात गेली!"

"ते काय बरं झालं?"

"कृपा करून..." मिसेस टॅलबट म्हणाल्या, पण चार महिन्यांचं तुंबलेलं बोलणं होतं ते, असं थांबणार थोडंच.

"आणि माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे," हॅल्वर टेबलाकडे वळला. "एप्रिलमध्ये हिने माझ्या कुंपणाला लागून सफरचंदाची रोपं लावली. ओळच्या ओळ."

"त्याने काय होतं?" लिंडक्विस्टने विचारलं. तो पूर्वेकडच्या एखाद्या शहरातून आलेला असावा, अस्वलं न पाहिलेला.

"पाच वर्षांनी फळ धरेल. फळ धरलं की अस्वलं उतरतील. सफरचंदं संपली की कुंपण मोडून माझ्या वासरांकडे वळतील."

"विजेची तार लावणार आहे मी!" ओडील म्हणाली.

"कधी?"

"फळ धरलं की! आत्ता अस्वलं काय पानं खायला येणार आहेत?"

"आणि बर्फात ती तार दबली की साफ कोण करणार?"

"मी!"

"एक हिवाळा करशील. मग?"

"दर हिवाळ्यात करीन, मिस्टर हॅल्वर! मरेपर्यंत करीन! आणि मेले की मला त्याच झाडांखाली पुरा, म्हणजे तुमच्याकडे नजर ठेवता येईल!"

ओडीलला एकदम आपण कुठे आहोत ते आठवलं आणि ती झगा सारखा करत बसली. मिसेस टॅलबटनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्या हसत होत्या हे कळायला मला जरा वेळ लागला.

"प्राध्यापक लिंडक्विस्ट, तुमचे काही प्रश्न?"

"विजेच्या तारेबद्दल एक होता," तो म्हणाला, "पण तो राहू दे."

त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर आम्ही तिघं. मी मध्ये बसले होते, मग पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, पण फार लांब गेले नाही.

हॅल्वर टोपी फिरवत बसला होता. "दाराची कडी सैल होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं. बर्फ होता, उद्या करू म्हटलं."

ओडीलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"ती गेली तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता."

"फेब्रुवारीचा? पण तुम्ही तर रोज फोनवर सांगत होतात, सगळ्या ठीक आहेत. क्लोतीलने अंडं दिलं म्हणून सांगितलंत मला!"

"बहिणीचं दुखणं चालू होतं तुझ्या. त्या दिवशी फोनवर रडत होतीस. त्यात आणखी कोंबडीचं कुठे सांगू." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मग सांगायचं राहूनच गेलं. आणि तू आलीस ती थेट भांडायलाच लागलीस."

ओडीलने पर्समधून एक गुंडाळलेलं सँडविच काढलं आणि अर्धं त्याला दिलं.

"तिखट आहे," ती म्हणाली.

"असणारच," तो म्हणाला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खात राहिला.

पुन्हा आत बोलावलं तेव्हा मिसेस टॅलबट उभ्या होत्या. "मिसेस फॉन्तनो, माणूस नुसता शरीराने बाहेर गेला म्हणून मुक्काम तुटत नाही, मन कुठे आहे ते आम्हाला बघावं लागतं. तुमचं कुठे आहे याबद्दल आमच्या मनात शंका उरलेली नाही. तुम्ही राज्याच्या रहिवासी." मग हॅल्वरकडे वळून म्हणाल्या, "तुमची तक्रार मात्र आमच्या अखत्यारीत येत नाही."

"वाटलंच होतं," हॅल्वर म्हणाला. "सरकारी कामं अशीच."

ओडीलने आधी मला मिठी मारली, मग लिंडक्विस्टला, मग टेबलाला वळसा घालून मिसेस टॅलबटना. हॅल्वर तोवर जिन्यापर्यंत पोचला होता. तो वाचला.

सप्टेंबरपासून ती विद्यापीठाच्या गावी एक खोली घेऊन राहायला लागली. शुक्रवारी संध्याकाळी परत यायची, शनिवारी गावाचे केस कापायची आणि रविवारी माझ्या हॉटेलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर रसायनशास्त्राशी झुंजायची. पहिल्या परीक्षेत ती चक्क नापास झाली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "शा, पस्तीस जण नापास झाले, आणि सगळे मला नातवंडं शोभतील अशा वयाचे. सगळ्यांना घेऊन आईस्क्रीम खायला गेले." दुसऱ्या परीक्षेत पास झाली, अगदी काठावर.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी हॉटेल बंद ठेवते आणि घरच्यांसाठी टर्की, कोंबडीचीच थोराड बहीण, अख्खी भाजते. त्या सकाळी ओडील आली ती वर्गातल्या दोन मुलींना घेऊन. एक अलास्काची, एक हवाईची, दोघींना घरी जाणं परवडणारं नव्हतं. दारातूनच तिने जाहीर केलं की टर्कीच्या पोटात पाव भरणं हा गुन्हा आहे, भात भरायचा असतो, डुकराचं मांस आणि मिरची घालून.

"माझ्या स्वयंपाकघरात पावच भरला जाईल," मी म्हटलं.

"मग तुझी टर्की तू भर, मिस लोर्ना. मी माझी आणलीय."

तिने खरंच आणली होती. भट्टीत दोन टर्की मावत नव्हत्या. हवाईची मुलगी बटाटे सोलता सोलता म्हणाली की त्यांच्याकडे असलं मोठं काही जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर ठेवून भाजतात. बाहेर गुडघाभर बर्फ होता, जमीन लोखंडासारखी गोठलेली.

"फावडं कुठे आहे?" ओडीलने विचारलं.

संध्याकाळी आम्ही नेहमीपेक्षा तीन तास उशिरा जेवलो. भट्टीतली टर्की थोडी जळली होती, खड्ड्यातली थोडी कच्ची राहिली होती, आणि अलास्काच्या मुलीने दोन्हींतलं पुन्हा वाढून घेतलं.